प्रणाली-उन्नयनानंतर मंदावणारा बॅकअप : कारणांचा शोध

एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रे नांदविण्याची कल्पना आता जुनी झाली आहे. आयबीएमच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली चालू झाली, १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने तिचा विस्तार झाला, आणि १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्रावर अशी व्यवस्था निर्दोषपणे उभी राहू शकते याच्या तात्त्विक कसोट्या सांगितल्या. ‘व्हर्च्युअल मशीन’ या शब्दास ‘आभासी यंत्र’ असा पर्याय सुचविला जातो. परंतु या यंत्राचे काम, त्यातील माहिती आणि ती नष्ट झाल्यास होणारे नुकसान यांत आभासी असे काहीच नसते. म्हणून येथे रूढ इंग्रजी शब्दच ठेवणे इष्ट होय. ज्या प्रत्यक्ष सर्व्हरवर ही यंत्रे चालतात त्यास मात्र ‘यजमान’ म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

विद्यापीठीय विभागांत, रुग्णालयांत, बँकांत आज बहुतेक सर्व्हर याच स्वरूपात चालतात. व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्यवस्थेत २०१२ पासून व्हीएचडीएक्स या नमुन्याची फाइल वापरात आली व तिचा आकार ६४ टेराबाइटपर्यंत असू शकतो. सबंध यंत्र एका फाइलीत सामावलेले असल्यामुळे त्याची प्रत काढणे तत्त्वत: सोपे असते. तथापि फाइल अवाढव्य आणि रात्र मर्यादित, या विषमतेतून प्रस्तुत प्रश्न उद्भवतो.

प्रश्नाचे नेहमीचे रूप असे. यजमान सर्व्हरवरील विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ही प्रणाली बदलून २०१६ किंवा २०१९ ही घातली जाते. २०१२ आर२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. त्यामुळे हा बदल अनेकांना इच्छेने नव्हे तर नाइलाजाने करावा लागला. उन्नयन निर्विघ्न पार पडते, सर्व यंत्रे सुरू होतात, वापरणाऱ्यांची तक्रार नसते. मात्र पहाटेपूर्वी संपणारा बॅकअप सकाळी कचेरी उघडली तरी चालूच असतो. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. मग कोणी नेटवर्कला दोष देतो, कोणी डिस्कांना, कोणी बॅकअपच्या प्रोग्रॅमला. आणि चार ठिकाणी चार बदल एकाच वेळी केले जातात. त्यांतील कोणत्या बदलाने गुण आला, किंवा कोणत्याने अधिकच बिघडले, हे त्यानंतर कोणासही सांगता येत नाही.

शोधाची सुरुवात वेळेपासून न करता परिमाणापासून केली पाहिजे. ‘बॅकअपला किती तास लागले’ या प्रश्नाच्या उत्तरातून कारण कळत नाही. ‘बॅकअपने किती माहिती वाचली, किती पाठविली आणि कोणत्या वेगाने’ हे तीन आकडे मात्र जवळजवळ सर्वच बॅकअप प्रोग्रॅमांच्या नोंदवहीत असतात, आणि त्यांवरून निदानाची दिशा ठरते. वाचलेली माहिती संपूर्ण डिस्कएवढी असून पाठविलेली थोडीच असेल, तर बदलांची नोंद हरवली आहे. वाचलेली माहिती थोडी असून वेग मंद असेल, तर दोष मार्गात आहे. म्हणजे डिस्क, नेटवर्क अथवा साठवणीचे ठिकाण यांपैकी कोठेतरी. परिमाण थोडे, वेगही चांगला, आणि तरीही वेळ लागत असेल, तर तो वेळ माहिती वाहून नेण्यात न जाता वाट पाहण्यात जातो आहे. या तीन अवस्थांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत.

यांपैकी पहिली अवस्था उन्नयनाशी सर्वांत निकट संबंध असलेली, आणि म्हणूनच सविस्तर विचारास पात्र आहे.

रोजच्या बॅकअपमध्ये संपूर्ण डिस्क पुन्हा वाचण्याचे कारण नसते. डिस्कचे लहान लहान ब्लॉक कल्पून, कालच्या बॅकअपनंतर त्यांपैकी कोणत्या ब्लॉकांवर लेखन झाले याची नोंद ठेवली, की आज तेवढेच ब्लॉक वाचून भागते. व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत ही सोय २००९ साली व्हीस्फिअर ४ बरोबर आली. हायपर-व्हीमध्ये मात्र २०१२ आर२ पर्यंत अशी अंगभूत सोय नव्हती. बॅकअपचे प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांनी आपापले ड्रायव्हर यजमानावर बसवून ती उणीव भरून काढली होती. हा ड्रायव्हर डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक लेखनाच्या वाटेवर बसून टिपणे ठेवी. २०१६ च्या प्रणालीत मायक्रोसॉफ्टने हे काम स्वत:कडे घेतले. ‘रेझिलियंट चेंज ट्रॅकिंग’, संक्षेपाने आरसीटी, असे या सोयीचे नाव आहे.

आरसीटीची रचना अवलोकनीय आहे. यंत्र चालू असताना बदलांची सर्वांत बारीक नोंद स्मृतीत, एका बिटमॅपच्या रूपाने ठेवली जाते. परंतु स्मृतीतील नोंद वीज जाताच नाहीशी होणार. म्हणून डिस्कच्या फाइलीशेजारी आणखी दोन फाइली निर्माण होतात. त्यांतील आरसीटी या नावाने संपणारी फाइल स्मृतीतील नोंदीपेक्षा थोडी स्थूल असते आणि यंत्र रीतसर बंद करणे, सुरू करणे, दुसऱ्या यजमानाकडे हलविणे अशा नित्य प्रसंगी उपयोगी पडते. एमआरटी या नावाने संपणारी दुसरी फाइल त्याहूनही स्थूल. पण तिच्यातील लेखन मध्ये कोठेही साठवून न ठेवता थेट डिस्कवर उमटविले जाते, आणि यजमान अचानक कोसळला तर बदललेले प्रदेश तिच्यावरूनच पुन्हा ठरविता येतात. दुकानदार दिवसभराची कच्ची टिपणे एका वहीत लिहितो, रात्री ती पक्क्या वहीत उतरवितो, आणि शिवाय आग लागली तरी वाचेल अशा जागी मोठ्या व्यवहारांचा एक गोषवारा ठेवतो. तसाच हा प्रकार. अपघातानंतर गोषवाऱ्यावरून काम चालवावे लागते तेव्हा बदललेला भाग वास्तवापेक्षा मोठा धरला जातो व त्या रात्रीचा बॅकअप थोडा जड होतो. पण बदललेला कोणताही ब्लॉक सुटून जात नाही. चुकायचे झाले तर जास्त वाचण्याच्या बाजूने चुकावे, हा येथील हिशेब आहे.

आता अडचण अशी, की यजमानाची प्रणाली बदलली म्हणून त्यावरील व्हर्च्युअल मशीन आपोआप नव्या पद्धतीची होत नाहीत. प्रत्येक यंत्रास ‘कॉन्फिगरेशन व्हर्शन’ म्हणजे मांडणीचा क्रमांक असतो. २०१२ आर२ मध्ये तयार झालेल्या यंत्राचा क्रमांक ५.० असतो, २०१६ चा ८.०, २०१९ चा ९.० आणि २०२२ चा १०.० आहे. २०१६ व २०१९ या यजमान-प्रणाली ५.० क्रमांकाची यंत्रे कुरकुर न करता चालवितात, आणि हीच सोय पुढे गोंधळास कारण होते. आरसीटी हे ८.० किंवा त्यापुढील मांडणीच्या यंत्रांनाच उपलब्ध असते. म्हणजे उन्नयनानंतर अशी स्थिती येते, की जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीत राहिला नाही व नवी सोय जुन्या यंत्रास लागू नाही. बदलांची नोंद कोणीच ठेवीत नाही. अशा वेळी बॅकअपच्या प्रोग्रॅमला संपूर्ण डिस्क वाचून, प्रत्येक ब्लॉकची संक्षिप्त खूण काढून, ती कालच्या खुणेशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही. फरक असलेले ब्लॉकच पुढे पाठविले जात असल्यामुळे साठवणीच्या ठिकाणी जमणारी फाइल मात्र पूर्वीइतकीच लहान दिसते. केवळ तेवढी पाहणाऱ्यास काही बिघडले आहे अशी शंकाही येणार नाही.

एक कल्पित उदाहरण घेतले तर अंतर किती पडते ते स्पष्ट होईल. यंत्रांच्या डिस्का मिळून १० टेराबाइट आहेत, त्यांतील ३ टक्के माहिती रोज बदलते आणि वाचनाचा वेग सेकंदास १०० मेगाबाइट आहे असे मानू. नोंद शाबूत असेल तर ३०० गिगाबाइट वाचावयाचे. त्यास ३,००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे पुरतात. नोंद नसेल तर संपूर्ण १० टेराबाइट. त्यास १,००,००० सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तासांहून अधिक काळ लागेल. दिवसच २४ तासांचा असल्याने रोजचा बॅकअप रोज पूर्ण होणे अशक्य ठरते. डिस्का तिप्पट वेगाच्या आणल्या तरी नऊ तासांच्या वर वेळ लागतोच. यावरून, कारण न शोधता यंत्रसामग्री वाढविण्याचा मार्ग किती खर्चिक आणि किती अपुरा आहे हे ध्यानात येईल.

खातरजमा करणे कठीण नाही. पॉवरशेलमध्ये ‘गेट-व्हीएम’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक यंत्राचा क्रमांक दिसतो. तो ५.० असेल तर निदान बहुतांशी झालेच. ‘अपडेट-व्हीएमव्हर्जन’ या आज्ञेने क्रमांक वाढविता येतो. मात्र त्यासाठी यंत्र पूर्ण बंद करावे लागते, आणि एकदा क्रमांक वाढविल्यावर ते यंत्र पुन्हा २०१२ आर२ च्या यजमानाकडे नेता येत नाही. परतीचा मार्ग नसलेली ही पायरी आहे. यास्तव तीपूर्वी प्रत्येक यंत्राचा एक संपूर्ण आणि पुन:स्थापना करून पडताळलेला बॅकअप हाताशी असला पाहिजे. ज्या बॅकअपच्या मंदगतीमुळे ही खटपट करावयाची, त्याच मंद बॅकअपची एक पूर्ण फेरी धीराने होऊ द्यावी लागते, हे कित्येकांना जाचक वाटते व ते ही पायरी गाळतात. ती गाळण्यात शहाणपण नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीत यंत्रे गटागटाने घेतली, की हा प्रश्न बराच सुसह्य होतो.

अनेक यजमान एकत्र जोडलेल्या क्लस्टरच्या बाबतीत आणखी एक अट आहे. २०१६ पासून क्लस्टरचे यजमान एकेक करून बदलण्याची सोय झाली. तोपर्यंत जुने व नवे यजमान एकत्र नांदतात. ही मिश्र अवस्था तात्पुरती समजावी व सुमारे चार आठवड्यांत संपवावी अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. परंतु शेवटचा यजमान बदलून झाला म्हणजे काम संपले, असा समज सर्रास आढळतो. वस्तुत: क्लस्टरचा ‘फंक्शनल लेव्हल’, म्हणजे कार्यस्तर, वेगळ्या आज्ञेने वाढवावा लागतो, २०१२ आर२ चा हा स्तर ८ असतो, २०१६ चा ९. तो वाढविल्याखेरीज यंत्रांची मांडणी ५.० च्या पुढे नेता येत नाही. कार्यस्तर वाढविणे हीदेखील मागे न घेता येणारी कृती होय. क्रम असा ठेवावा : सर्व यजमान, मग कार्यस्तर, मग यंत्रांची मांडणी. मधली पायरी राहून गेलेल्या क्लस्टरमध्ये प्रशासकास सर्व काही नवे दिसते, बॅकअप मात्र जुन्याहून वाईट चालतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मांडणी वाढविल्यानंतरचा पहिला बॅकअप संपूर्ण वाचन करणारच, कारण नव्या नोंदीचा आरंभबिंदू त्याच वेळी निश्चित होतो. त्या रात्रीच्या आकड्यांवरून उपाय निष्फळ ठरला असे म्हणणे घाईचे होईल. दुसऱ्या व तिसऱ्या रात्रीचे वाचनाचे परिमाण पाहावे. ते रोजच्या बदलाइतके उतरले असेल तर नोंद सुरू झाली आहे.

दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे मार्ग मंद असताना, कारणे पुष्कळ संभवतात व त्यांतील बरीचशी उन्नयनामुळे नकळत बदललेल्या ठरावांतून येतात. नव्या प्रणालीबरोबर नेटवर्क कार्डाचा व डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर बदलतो, आणि पूर्वी कोणीतरी विचारपूर्वक घातलेली मूल्ये मूळ पदावर येऊ शकतात. नेटवर्कवरील पॅकेटचा आकार एका टोकास ९,००० व दुसऱ्या टोकास १,५०० राहिला, तर जोडणी तुटत नाही, पण हेलकावे खाते. २०१६ पासून विंडोज डिफेंडर हा विषाणुरोधक प्रणालीत मूळचाच बसविलेला येतो. २०१२ आर२ मध्ये तो नव्हता. हायपर-व्हीच्या फाइली त्याच्या तपासणीतून आपोआप वगळल्या जातात. परंतु बॅकअप ज्या ठिकाणी साठतो त्या फोल्डरास ही सूट आपोआप मिळेल असे गृहीत धरता येत नाही, आणि अन्य कंपनीचा विषाणुरोधक असल्यास दोन्हींची तजवीज हाताने करावी लागते. काही एक-गिगाबिट कार्डांवर ‘व्हीएमक्यू’ ही रांग-व्यवस्था चालू ठेवल्यास नेटवर्क रेंगाळते, हे २०१२ च्या प्रणालीपासून परिचित आहे. नव्या ड्रायव्हरने ती पुन्हा चालू केली आहे काय, हे पाहून घ्यावे.

२०२५ च्या प्रणालीने यात एका नव्या कारणाची भर घातली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या या प्रणालीत, सर्व्हर दुसऱ्या ठिकाणच्या सामायिक फोल्डरशी एसएमबी पद्धतीने बोलू लागला, की प्रत्येक संदेशावर स्वाक्षरी असावी अशी मूळचीच सक्ती आहे. बॅकअप एखाद्या लहान नेटवर्क-साठवण पेटीत जात असेल तर त्या पेटीच्या दुबळ्या प्रोसेसरवर प्रत्येक स्वाक्षरी पडताळण्याचा भार येतो आणि वेग घसरतो. स्वाक्षरीची सक्ती काढून टाकणे हा यावरचा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट उपाय होय. ही सक्ती वाटेत संदेश बदलणाऱ्या अथवा दुसऱ्याची ओळख घेऊन घुसणाऱ्या आक्रमकास रोखण्यासाठी आहे. खंडणीखोर प्रोग्रॅम प्रथम बॅकअपच नष्ट करण्याचा प्रयत्न करतात. तेव्हा नेमका बॅकअपचाच दरवाजा उघडा टाकून अर्धा तास वाचविण्यात काय हशील? पेटी बदलावी, किंवा ती एसएमबीऐवजी आयस्कझीने जोडावी, अथवा साठवणीसाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवावा. हे काहीच शक्य नसेल तर मंद बॅकअप पत्करावा.

मार्गातील नेमका अडथळा ओळखण्यास मार्गाचे तुकडे करून प्रत्येकाचे स्वतंत्र मापन करणे हाच राजमार्ग आहे. बॅकअप बंद ठेवून ‘डिस्कएसपीडी’ या साधनाने यजमानाच्या डिस्कचा वाचनवेग व साठवणीच्या डिस्कचा लेखनवेग मोजावा. ‘आयपर्फ’ने दोहोंमधील नेटवर्क मोजावे. तिघांत जो सर्वांत मंद, तोच संपूर्ण मार्गाचा वेग ठरवितो. मात्र हे आकडे उन्नयनापूर्वीच्या आकड्यांशी ताडावे लागतात, आणि तेच बहुधा कोणी घेऊन ठेवलेले नसतात. बॅकअपच्या जुन्या नोंदवह्या या वेळी फार उपयोगी पडतात. उन्नयनाच्या भरात त्या पुसून टाकू नयेत.

तिसरी अवस्था, वाट पाहण्याची, अधिक फसवी असते. चालू यंत्राची प्रत काढताना त्यातील माहिती क्षणभर सुसंगत अवस्थेत आणावी लागते. विंडोज सर्व्हर २००३ च्या काळापासून हे काम व्हीएसएस ही सेवा करते. लिनक्स यंत्रात फाइल-व्यवस्था क्षणभर गोठवून तोच हेतू साधतात. २०१६ पासूनचे ‘प्रॉडक्शन चेकपॉइंट’ याच तत्त्वावर चालतात. यंत्राच्या आतील डेटाबेस वेळेत गोठला नाही, किंवा यंत्रातील हायपर-व्हीच्या जोडसेवा जुन्याच राहिल्या, तर प्रयत्न फसतो, पुन्हा होतो, पुन्हा फसतो, आणि एक बाइटही न हलता अर्धा तास निघून जातो. नोंदवहीत काम सुरू झाल्याची वेळ व वाचन सुरू झाल्याची वेळ यांतील अंतर पाहिले की हा प्रकार उघडकीस येतो. कारण मात्र यजमानावर न शोधता यंत्राच्या आतील नोंदींत शोधावे लागते.

वाट पाहण्याचा दुसरा प्रकार शेवटच्या टप्प्यावरचा आहे. बॅकअप चालू असताना यंत्राचे नवे लेखन मूळ डिस्कवर न होता एव्हीएचडीएक्स नावाच्या पुरवणी-फाइलीत होते, आणि बॅकअप आटोपल्यावर ती मूळ फाइलीत विलीन केली जाते. बॅकअप जितका लांबेल तितकी पुरवणी फुगते. पुरवणी जितकी मोठी तितका विलयास वेळ व डिस्कवर ताण. आणि तो ताण असतानाच पुढच्या रात्रीचा बॅकअप सुरू झाला तर तोही लांबतो. पहिल्या अवस्थेतील दोष अशा रीतीने तिसऱ्या अवस्थेचे रूप धारण करतो, आणि दिवसा काम करणाऱ्यांनाही यंत्र संथ झाल्याचे जाणवू लागते. म्हणून मांडणीचा क्रमांक तपासण्यापूर्वी चेकपॉइंटची यादी व डिस्कांची फोल्डरे एकदा पाहून घ्यावीत. यादीत चेकपॉइंट नसूनही फोल्डरात जुन्या तारखेच्या पुरवण्या पडून असतील, तर आधी त्यांचा निकाल लावला पाहिजे. मात्र त्या निरुपयोगी समजून हाताने कदापि पुसू नयेत. मूळ डिस्क व पुरवणी मिळूनच यंत्राची आजची स्थिती बनते, आणि मधला दुवा काढून टाकल्यास त्यानंतरचे सर्व लेखन हातचे जाते. हायपर-व्हीच्या व्यवस्थापकातून विलय घडवून आणावा, त्यासाठी डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे याची आधी खात्री करावी, आणि विलय पूर्ण होईपर्यंत त्या यंत्राचा बॅकअप स्थगित ठेवावा.